टीपी कोणाच्या हातात? मेंढा-लेखाच्या बांबूची गोष्ट

आजच्या भागात दोन जड शब्द आहेत: फेअर ट्रेड आणि क्लायमेट जस्टिस. मराठीत रास्त व्यापार आणि हवामान न्याय. घाबरू नका, दोन्ही शब्द आपण एका बांबूच्या ट्रकवरून समजून घेणार आहोत. गाव आहे मेंढा-लेखा, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली. गोंड आदिवासींची छोटीशी वस्ती.

आधी रास्त व्यापार. कॉफीच्या किंवा चॉकलेटच्या पाकिटावर फेअरट्रेडचा शिक्का असतो, त्यामागे मुख्यतः दोन गोष्टी असतात. पिकवणाऱ्याला ठरावीक किमान भाव मिळतो, आणि वर थोडी जादा रक्कम मिळते. ती कशावर खर्च करायची, हे उत्पादक मिळून ठरवतात. मेंढ्याच्या बांबूवर असा शिक्का नव्हता. पण भांडण त्याच दोन गोष्टींचं होतं: भाव कोण ठरवणार आणि पैसा कोणाच्या हातात जाणार?

बांबू झाड की गवत?

वनस्पतीशास्त्र सांगतं, बांबू गवत आहे. १९२७च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला झाडांत बसवलं. झाड म्हटलं की मालकी वनखात्याची. मग २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात धरलाय, म्हणजे तेंदूपत्ता आणि मधाच्या रांगेत. गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाचा.

२००९ साली मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. मग प्रश्न मिटला? छे! बांबू तोडता येईल, पण ट्रक नाक्यावरून पुढे न्यायला वाहतूक परवाना लागतो. त्यालाच टीपी म्हणतात. ती वनखातं देईना. आता सांगा, विकायचा हक्क आहे पण माल गावाबाहेर नेता येत नाही, तर भाव कसला ठरवणार?

गाव हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१२ साली नियमच बदलले, आणि टीपी द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. म्हणजे एका गावाने लावून धरलेली गोष्ट देशभरातल्या गावांच्या उपयोगी पडली.

यात हवामान कुठे आलं?

हवामान बदलात ज्यांचा वाटा सगळ्यात कमी, त्यांनाच दुष्काळ, पूर आणि उष्णतेचा फटका सगळ्यात जास्त. हा अन्याय आपण ऐकलेला असतो. पण न्यायाची आणखी एक बाजू आहे. उभं जंगल हवेतला कार्बन धरून ठेवतं. मग ते जंगल राखणाऱ्यांना निर्णयात आणि कमाईत वाटा नको का?

बांबूचं बेट नीट राखलं, जुने पक्के बांबू काढून कोवळे वास्ते ठेवले, तर ते पुन्हा भरतं. ठेकेदाराला यंदाचा ट्रक भरायचा असतो. गावाला पुढच्या वर्षीही तिथेच जायचं असतं. फरक इथे पडतो.

मेंढ्यात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो, पण मग ‘माझं कोणी ऐकलंच नाही’ असं म्हणायला जागा राहत नाही. गावाची घोषणा तुम्ही ऐकली असेल: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

अर्थात नुसत्या कागदाने पोट भरत नाही. लिलाव, हिशेब, मजुरी वेळेवर देणं, पैसे थकवणाऱ्या व्यापाऱ्यामागे लागणं, हे सगळं ग्रामसभेलाच करावं लागतं. मोबाईल आणि एक्सेल येणाऱ्या गावातल्या पोरापोरींची गरज नेमकी इथे आहे.

तुमचं गाव जंगलालगत आहे? मग एवढं करा. सामूहिक वनहक्काचा दावा झालाय का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. दावा ग्रामसभेतून सुरू होतो, मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हा समिती. कुठे अडकलाय ते आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!