बाळंतिणीच्या दारी मंडळी

बार्नेव्हेल्ड (नेदरलँड्स)

या देशात बाळंतपणाची तयारी सुरू होते ती पलंगापासून. सदतिसावा आठवडा लागायच्या आत पलंगाच्या पायांखाली ठोकळे सरकवून गादी जमिनीपासून सुमारे ऐंशी सेंटिमीटर उंच करायची. बाळंतिणीला त्यावर चढता-उतरताना त्रासच होतो, शेजारी एक पायरी ठेवावी लागते. तरीही पलंग उंच करायचा, कारण बाळंतिणीची शुश्रूषा करायला जी बाई घरी येणार, तिची कंबर शाबूत राहिली पाहिजे. तिच्या कामाच्या अटींतच ते लिहिलेले आहे. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईच्या पाठीची काळजी घेण्यापासून जिथे पाळण्याची तयारी सुरू होते, त्या देशाबद्दल मराठी वाचकाला थोडे सविस्तर सांगायला हवे.

बार्नेव्हेल्ड हे गेल्डरलँड प्रांतातले कोंबड्या-अंड्यांच्या व्यापाराचे गाव. तपकिरी अंडी देणारी एक नामांकित कोंबडी याच गावाच्या नावाने जगभर ओळखली जाते. नैऋत्येच्या झेलँड प्रांतापासून ईशान्येकडे ओव्हरआयसलपर्यंत देशाच्या नकाशावर एक तिरपा पट्टा जातो. त्यात कॅल्विनच्या परंपरेतले कडवे प्रोटेस्टंट लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत, आणि त्या पट्ट्याला इथे ‘बायबलपट्टा’ असेच म्हणतात. स्टापहॉर्स्ट, फेनेंडाल, एडे, रायसन ही त्यातली ठळक गावे, आणि बार्नेव्हेल्डही त्यातलेच. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि उपासनेला माणसे दोनदा जातात. रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना होते. जेवण झाल्यावर टेबलावरून उठायच्या आधी वचन वाचतात आणि मग उपकारस्तुती करतात.

इथल्या एका तरुण जोडप्याला नुकताच मुलगा झाला. तो शाळेत शिकवतो, ती हिशेबनिसाचे काम करते. दोघेही रिफॉर्म्ड मंडळीचे, म्हणजे कॅल्विनपंथी चर्चचे, सभासद, आणि बाळाला ते देवाने सोपवलेली ठेव मानतात. हे ते सहज बोलून जातात, त्यात मिरवणे नसते.

बाळ घरीच जन्मले. युरोपातल्या इतर श्रीमंत देशांत ही गोष्ट दुर्मीळ आहे. नेदरलँड्समध्ये मात्र आजही शंभरातली पंधराच्या आसपास बाळे घरी जन्मतात, आणि १९६०च्या दशकापर्यंत तर बहुसंख्य बाळे घरीच जन्मत. निरोगी गरोदर बाईने डॉक्टरकडे नव्हे, सुईणीकडे जायचे, हा इथला रिवाज. ही सुईण चार वर्षांची पदवी घेतलेली आणि स्वतंत्रपणे व्यवसाय करणारी असते. जरा काही वावगे दिसले की ती बाळंतिणीला रुग्णालयात हलवते. वीसेक वर्षांपूर्वी युरोपीय तुलनेत इथले जन्माच्या आसपासचे बाळमृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त दिसले आणि या पद्धतीवर मोठा वाद झाला. त्यानंतर सुईणी आणि रुग्णालये यांच्यातला समन्वय बराच सुधारला.

सुईण गेली की दुसरी बाई दारात उभी राहते. तिच्या कामाला ‘क्रामझॉर्ख’ म्हणतात. बाळंतिणीची आणि बाळाची घरी येऊन घेतलेली काळजी, असा त्याचा अर्थ. दररोज काही तास, सहसा आठ दिवस, मिळून एकोणपन्नास तासांच्या आसपास. प्रत्येकाला सक्तीने घ्यावा लागणारा जो मूळ आरोग्यविमा आहे त्यातच हा खर्च बसतो. तासाला काही युरो तेवढे पदरचे भरायचे. प्रसूतीच्या आधीच बहुधा विमा कंपनीकडून एक खोके घरपोच येते. त्यात बाळंतिणीचे मोठे पॅड, गादीवर टाकायचे कापड, बेंबीसाठी निर्जंतुक पट्ट्या, नाळेचा चिमटा असे सगळे असते.

या घरी आलेली बाई मोरोक्कन वंशाची, डोक्याला रुमाल बांधणारी आणि कामाला चोख. सकाळी आठला तिची बेल वाजे. हात धुऊन ती आधी बाळंतिणीकडे बघे. ताप आहे का, रक्तस्राव किती, टाके कसे आहेत, गर्भाशय खाली बसते आहे का. मग बाळ. त्याचा ताप गुदद्वारात मोजायचा आणि तो साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांत असायला हवा. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का ते खिडकीशी नेऊन पाहायचे. रात्रीत किती लंगोट ओले झाले ते विचारायचे. वजन करायचे. जन्माच्या वजनातून दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली की लगेच सुईणीला फोन. सगळे एका वहीत लिहायचे, आणि संध्याकाळी आई-बापांनीही त्याच वहीत दुधाच्या वेळा टिपायच्या.

पाळण्यातली ऊब हे तर एक शास्त्रच. पत्र्याची एक गोल बाटली असते. तिच्यात उकळते पाणी काठोकाठ भरायचे, झाकण घट्ट बसवून बाटली उलटी धरून गळते का ते पाहायचे. मग कापडी खोळ चढवून ती पांघरुणावर, बाळापासून निदान तळहाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर, झाकण पायांकडे करून ठेवायची. बाटली बाळाला टेकता कामा नये. पहिल्या दिवशी हे सगळे त्या बाईने केले. दुसऱ्या दिवशी तिने बाटली बापाच्या हातात दिली आणि स्वतः हात मागे बांधून नुसती उभी राहिली. बाळाला पाठीवरच निजवायचे, हेही तिने पुन्हा पुन्हा बजावले. पालथे निजवू नका, असा सल्ला प्राध्यापक खूस द योंगे यांनी या देशात १९८७मध्ये दिला. तेव्हापासून झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली. इतर अनेक देश या वाटेने नंतर गेले.

ती रोज न्हाणीघर आणि संडासही घासते. बाळंतिणीच्या घरात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते तिच्या कामातच धरलेले आहे. कपडे धुणे, दुपारचे खाणे मांडणे, पाहुणे फार वेळ रेंगाळले तर त्यांना नम्रपणे वाट दाखवणे, हेही तिच्याकडेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते, छाती दगडासारखी होते आणि बाळंतीण कारण नसताना रडते. या घरातलीही रडली. बाईने बाळ तिच्या कुशीत दिले, नवऱ्याला चहा ठेवायला पाठवले आणि तासभर दुसरे कोणतेही काम काढले नाही.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. सव्वा महिना आई, मावशी, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. त्या मायेला तोड नाही. पण माहेर नसलेल्या, माहेराशी तुटलेल्या, आई आजारी असलेल्या मुलींचे काय होते, ते आपण फारसे विचारत नाही. युरोपात बाळंतिणीला कुणी विचारत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. निदान या देशाबद्दल ते साफ चुकीचे आहे. इथे बाळंतिणीची सेवा नात्यावर आणि नशिबावर सोडलेली नाही. तो तिचा हक्क आहे, आणि तो निर्वासितांच्या वस्तीतल्या बाईलाही मिळतो.

या व्यवस्थेच्या जडणघडणीत धर्माचाही वाटा आहे, हे आजच्या डच तरुणांनाही फारसे ठाऊक नसते. १८७५मध्ये उत्तर हॉलंडात ‘पांढरा क्रॉस’ ही आरोग्यसंघटना निघाली, १९००मध्ये ‘हिरवा क्रॉस’. मग कॅथलिकांनी आपला ‘पांढरा-पिवळा क्रॉस’ काढला आणि प्रोटेस्टंटांनी ‘नारिंगी-हिरवा’. गावातली परिचारिका, बाळाचा वजनकाटा, उसने मिळणारे बेडपॅन, सगळे आपापल्या पंथाच्या क्रॉसकडून. शाळा, वर्तमानपत्रे, कामगार संघटना, आकाशवाणीसुद्धा तशीच वाटलेली होती. १९६०-७०च्या दशकांत त्या भिंती पडल्या, क्रॉस एकत्र आले आणि सेवा विम्याच्या छत्राखाली गेली. म्हणूनच आज मोरोक्कन वंशाची मुस्लिम बाई कॅल्विनपंथी घरातल्या बाळाची बेंबी पुसते, आणि त्याचे कुणालाच नवल वाटत नाही.

जन्मानंतर तीन दिवसांत बाळाची नोंद नगरपालिकेत करावी लागते, आणि ती बहुधा बापच करतो. २०२४पासून आई-बाप दोघांची आडनावे जोडून देण्याची मुभा मिळाली आहे. या दोघांनी मात्र बापाचेच ठेवले, आणि नाव आजोबांचे. मग जन्माची वार्ता देणारी छापील पत्रे टपालात पडतात. त्यांच्यासाठी टपालाचे खास तिकीटही आहे. या घराच्या पत्रावर बायबलातल्या एका स्तोत्राचा क्रमांक होता, जसा या पट्ट्यातल्या बहुतेक पत्रांवर असतो. खिडकीत बाळजन्माची खूण म्हणून लाकडी करकोचा उभा राहिला.

पाहुण्यांना मिळतो गोल कुरकुरीत टोस्ट. वर लोणी, आणि त्यावर साखरेचा लेप दिलेले बडीशेपेच्या जातीचे दाणे, मुलगा झाला म्हणून निळे-पांढरे. हे दाणे दूध वाढवतात, असा जुना समज आहे. बाळंतशोपा खाल्लेल्या मराठी बाईला ते समजावून सांगावे लागणार नाही. २००३मध्ये राजकन्या अमालिया जन्मली तेव्हा दुकानांत हे दाणे नारिंगी रंगाचे आले होते.

नवव्या दिवशी ती बाई येत नाही.

पुढची धुरा मंडळीने उचलली. रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून जन्माची वार्ता दिली आणि बाळासाठी प्रार्थना झाली. त्याच संध्याकाळी मंडळीतल्या एका भगिनीने यादी फिरवली. दोन आठवडे रोज साडेपाचच्या सुमाराला दारात कुणीतरी झाकलेले भांडे घेऊन उभे. बटाटे कुस्करून त्यात हिरवी भाजी आणि सॉसेज, वाटाण्याचे दाट सूप, कधी भट्टीत भाजलेला मासा. भांड्याच्या बुडाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली, म्हणजे ते परत करताना घोटाळा नको. घरात पाय ठेवायचा नाही, दारातूनच चौकशी करून निघायचे, हा अलिखित नियम. धाकट्या शहरी पिढीत मंडळीत जाणारे कमी होत चालले आहेत. ॲमस्टरडॅममधल्या एखाद्या चौथ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला नवव्या दिवसानंतर ही साडेपाचची बेल ऐकू येत नाही. मंडळीवर टीका करणाऱ्यांनी हे भांडेही मोजायला हवे.

बाप्तिस्मा पाचव्या आठवड्यात झाला. पूर्वी तो जन्मानंतरच्या पहिल्याच रविवारी उरकत. आई अजून खाटेवर, बाळाला बाप नेई. आता आई उभी राहू शकेपर्यंत थांबतात. घराण्याचा लांब पांढरा झगा कपाटातून बाहेर निघतो. पाळक सोळाव्या शतकातला विधी वाचतात आणि आई-बापांना उभे करून तीन प्रश्न विचारतात. त्यातला शेवटचा, या लेकराला या शिकवणीत वाढवाल ना, अशा आशयाचा. दोघांनी स्पष्ट आवाजात ‘होय’ म्हटले. बाळ पाण्याच्या पहिल्या स्पर्शाला दचकले आणि मग निवांत झोपले.

या पट्ट्यातल्या बाळाच्या पहिल्या महिन्यांत एक अवघड निर्णय असतो तो लसीचा. नेदरलँड्समध्ये लसीकरण फुकट आहे, सक्तीचे नाही. कडव्या रिफॉर्म्ड घरांत पिढ्यान् पिढ्या लस टाळली जाते. निरोगी अंगात आधीच औषध घालणे म्हणजे देवाच्या योजनेवर अविश्वास, अशी त्यांची धारणा, आणि आधाराला मत्तयाच्या नवव्या अध्यायातले बारावे वचन. ही माणसे बेफिकीर नाहीत, अतिशय गंभीरपणे विचार करणारी आहेत. पण त्याची किंमत लेकरांनी मोजली आहे. १९७८मध्ये याच समाजात पोलिओची साथ आली. १९९२-९३मध्ये पुन्हा आली तेव्हा ७१ जणांना लागण झाली आणि दोघे दगावले. २०१३-१४मध्ये गोवराचे अडीच हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

या जोडप्याने वेगळे ठरवले. गरोदरपणातच तिने डांग्या खोकल्याची लस घेतली होती. ती २०१९च्या अखेरपासून गरोदर स्त्रियांना सरकारी कार्यक्रमातून मिळते आणि बाळाला पहिल्या महिन्यांत तिचे संरक्षण राहते. चौथ्या आठवड्यात बालआरोग्य केंद्रात बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर मोजून झाला. तिथल्या परिचारिकेने लसीचा विषय काढला, पण दडपण आणले नाही. नाही म्हणणाऱ्या आई-बापांनाही केंद्राची दारे तशीच उघडी असतात, आणि ते शहाणपणाचेच आहे. ओरडा बसला असता तर ती कुटुंबे वजनकाट्यावरही आली नसती.

सातव्या आठवड्यात बाळाच्या तोंडात रोटाव्हायरसच्या लसीचे थेंब पडले. ही लस इथे २०२४पासून सर्व बाळांना मिळते. आजोबांना हे पटलेले नाही. एका रविवारी जेवणानंतर, वचनवाचन झाल्यावर, टेबलावर दीड तास बोलणे झाले. आजोबांनी आपली बाजू मांडली, मुलाने १९९२च्या साथीचे उदाहरण दिले. दोघांनी एकमेकांचे पूर्ण ऐकून घेतले आणि कुणाचेच मत बदलले नाही. तीन महिन्यांच्या लसीची वेळ केंद्रात नोंदवलेली आहे. आईची बाळंतपणाची रजा तोवर संपलेली असेल. म्हणून बापाने सत्तर टक्के पगारावर मिळणाऱ्या आपल्या पाच आठवड्यांच्या रजेतले दिवस राखून ठेवले आहेत. त्या दिवशी बाळाला केंद्रात तोच घेऊन जाणार आहे.