खेळाचा संगणक थकला : दुरुस्त करावा की बदलावा?

सोयाबीन विकून झाले की घरात मागण्यांची यादी सुरू होते. मोटारीचे वायंडिंग, कृषी केंद्राची उधारी, गोठ्यावरचे पत्रे. हल्ली तीत आणखी एका मागणीची भर पडली आहे. "बाबा, संगणकावर गेम अडकतो. नवा घेऊन द्या." बाप म्हणतो, खेळण्यापायी एवढा पैसा? आई म्हणते, अभ्यासही त्यावरच करतो ना तो. दोघांचेही खरेच असते. म्हणून वाद घालण्यापेक्षा हिशेब मांडावा.

2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. समजा, नवा संगणक 50,000 रुपयांना पडला, तर नऊ क्विंटलांहून अधिक सोयाबीन त्यात गेले. तेही हमीभाव पदरात पडला तर! एवढा माल घालण्याआधी जुन्याचे नेमके काय बिघडले, ते पाहायलाच हवे.

आधी दुखणे ओळखा

विहिरीवरची मोटार पाणी ओढेनाशी झाली, तर आपण लगेच नवी मोटार आणत नाही. फूटव्हॉल्व्ह गळतो का, वायंडिंग जळाले का, की विहिरीलाच पाणी नाही, हे आधी पाहतो. संगणकाचेही तसेच आहे.

सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटे लागतात का? मग बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क मंदावली आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर थोड्या खर्चात सर्वांत जास्त फरक पडतो.

एकाच वेळी दोन-चार कामे उघडली की सारे थबकते का? मग रॅम अपुरी आहे. रॅम म्हणजे खळे. खळे लहान असले, तर माल कितीही असो, मळणी थोडीथोडीच होणार.

बाकी सारे ठीक, पण खेळातले चित्र झटके खाते का? मुलाला खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, कमी करायला सांगा. त्याने खेळ सुरळीत चालला, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा प्रोसेसर थकला आहे.

आणि उन्हाळ्यात यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर आधी खोके उघडून पाहा. घाटाखाली मलकापूर-शेगावकडचे ऊन घाटावरच्या बुलढाण्यापेक्षा कडक. त्यात वावरातली धूळ पंख्यात बसते आणि प्रोसेसरवरचा थर्मल पेस्टचा लेप वाळून जातो. वीज बंद करून, मऊ ब्रशने धूळ काढून लेप नवा लावला, की कित्येक "मेलेले" संगणक पुन्हा उभे राहतात.

आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

सारे भाग ज्या पाटावर बसतात तो मदरबोर्ड. त्याला जे चालते तेच त्यावर बसते. 2013 साली आलेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या घरगुती संगणकांना डीडीआर3 जातीची रॅम लागते. पुढच्या डीडीआर4 किंवा डीडीआर5 जातीची रॅम त्यांत बसतच नाही. उलट, 2017 पासून एएमडीच्या रायझन प्रोसेसरांसाठी आलेल्या एएम4 जातीच्या अनेक बोर्डांवर कितीतरी नंतरचे प्रोसेसरही चालतात, फक्त बोर्डाचे बायॉस अद्ययावत करावे लागते. म्हणून भाग घेण्याआधी बोर्डाचे नाव व नंबर कागदावर लिहून न्या.

दुसरी गोष्ट विंडोज 10 ची. मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ज्या संगणकाला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. खेळापुरते यंत्र चालेलही, पण घरखात्याचा पैसा त्यावर उघडू नका.

कोंबडी आणि मसाला

डिस्क आणि रॅम एवढ्यावर भागत असेल, तर जुन्यालाच सुधारा. पण मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिन्ही बदलायची वेळ आली, तर ते नव्यासारखेच झाले. सुधारणेचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापुढे जाऊ लागला, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला समजावा आणि थांबावे. नवे घेतले, तरी जुना पडदा, कळफलक आणि चांगली असल्यास एसएसडी कामी येते. तेवढा खर्च वाचतो.

2025 च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी मेमरीची मागणी वाढली. तेव्हा गेल्या वर्षीच्या भावावर अंदाज बांधू नका. खामगाव, चिखली, मलकापूर, जेथे जाणे सोयीचे तेथे दोन-तीन दुकानांत प्रत्येक भागाचा भाव वेगळा लिहून घ्या. पक्की पावती व वॉरंटी घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. वापरलेले ग्राफिक्स कार्ड घ्यायचे असेल, तर अर्धा तास जड खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

एका भागात मात्र काटकसर नको, तो म्हणजे पॉवर सप्लाय. हलका, बिननावाचा सप्लाय जळताना बाकीचे भागही घेऊन जाऊ शकतो. आपल्याकडे लाईन कमी-जास्त होते, म्हणून घराचे अर्थिंग तपासून घ्या आणि यूपीएस बसवा. यूपीएस लाईन गेल्यावर खेळत बसण्यासाठी नसतो. चालू काम जपून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतो.

घरात बसून ठरवा

मुलाला विचारा, दोन वर्षांनी तू कोठे असशील? शेगावला किंवा अमरावतीला शिकायला जाणार असेल, तर जड खोक्यात पैसा घालण्यापेक्षा थोडे थांबून लॅपटॉप घेणे बरे. तो कोणते खेळ खेळतो, हेही विचारा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली आहे. त्यांच्यापायी संगणकच काय, साधा माऊसही घेऊ नये.

नवा आला, तरी जुना अडगळीत टाकू नका. त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसवली, की धाकट्या बहिणीचे टंकलेखन व अभ्यास आरामात होतो. विकणार असाल, तर आधी डिस्कवरचे फोटो व कागदपत्रे कायमची पुसून घ्या.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा : आधी साफसफाई, मग एसएसडी, मग रॅम. एवढे करूनही भागले नाही, तरच नव्याचा विचार. आणि त्या दिवशी हिशेबाची वही मुलाच्याच हातात द्या. नऊ क्विंटल सोयाबीन पिकवायला काय लागते, ते त्याने आपल्या हाताने लिहून काढू द्या.