पेडल तळाला का गेले?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या ब्रेकवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मराठी आणि इतिहास सोडून ही उठाठेव कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आमच्या घरची चूल एका जुन्या जीपवर पेटते. अण्णा रोज पहाटे वाड्यावस्त्यांवरचे दूध तालुक्याला पोचवतात आणि त्याच भाड्यातून माझी फी भरली जाते. तेव्हा हा विषय माझ्या अभ्यासाबाहेरचा असला तरी माझ्या शिक्षणाबाहेरचा नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जीपचे मागचे ब्रेक करकरू लागले. मजुरी वाचवावी म्हणून अण्णा, माझा चुलतभाऊ आणि मी अशा तिघांनी अंगणातच जॅक लावला. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू बदलले. एका चाकाच्या सिलिंडरमधून तेल पाझरत होते, म्हणून त्याचे रबर नवे घातले. तेल भरले, पेडल चार-सहा वेळा दाबले आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्याच्या उतारावर अण्णांनी ब्रेक दाबला, तो पेडल थेट तळाला गेले! अण्णांनी गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी बांधाला घासत उभी केली. दोन कॅन सांडले. आम्ही दोघे वाचलो. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण मला त्या दिवशी नीट समजली.

मग आमचे काय चुकले? फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) याचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो. ब्रेकचे सारे काम यावरच चालते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि तिथले छोटे दट्टे शूंना ड्रमवर किंवा पॅडना डिस्कवर दाबतात. द्रव दाबून जवळजवळ आकसत नाही, पण हवा आकसते. घरी इंजेक्शनची रिकामी पिचकारी घेऊन तोंडावर बोट ठेवून दाबा; दट्ट्या आत जातो. आता तीच पाण्याने भरून दाबा. दट्ट्या हलत नाही. आम्ही चाकाचा सिलिंडर उघडला तेव्हा नळीत हवा शिरली. पायाचा सारा जोर ती हवा आकसण्यातच खर्च झाला. हँडब्रेक तारेने ओढला जातो, त्याला तेल लागत नाही. म्हणून तो उपयोगी पडला.

ही हवा काढायला दोन माणसे लागतात. चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा आणि मगच पेडल सोडायचे. ही शिस्त मोडली तर हवा पुन्हा आत जाते. साधारणपणे सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. परंतु काही गाड्यांचा क्रम निराळा असतो, तो त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. वरची तेलाची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. ए.बी.एस. असलेल्या नव्या गाड्यांत हवा काढण्यास कधी कधी खास यंत्र लागते. तिथे फिटरकडेच जावे.

दुरुस्तीनंतर ब्रेक बिघडला तर पेडल स्वतःच खूण सांगते. दाबताना ते स्प्रिंगसारखे मऊ लागले तर हवा आहे. दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असेल, तर बहुधा शू आणि ड्रम यांतले अंतर जास्त आहे; ते जुळवून घ्यावे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर गळती शोधावी. बाहेर कुठेच तेल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेलेले असू शकते. जुन्या सिलिंडरात पेडल तळापर्यंत दाबत राहिले, तर आतल्या गंजलेल्या भागावर घासून ते रबर फाटते.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या शूला तेल किंवा ग्रीस लागले आहे का, तिथला दट्ट्या अडकला आहे का, ते पाहावे. कारण गाडी चांगला ब्रेक लागणाऱ्या बाजूलाच वळते. ड्रम न दाबताच तापत असेल, तर शू फार आवळले गेले असतील किंवा हँडब्रेकची तार ताणलेली असेल.

तेलाबद्दलही दोन शब्द. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल कधीही घालू नये. त्याने रबर फुगते. डॉट ३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषते आणि मग ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाटात ब्रेक तापून असे जुने तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच आकसते! म्हणून उघड्या राहिलेल्या डब्यातले किंवा बाटलीत निघालेले तेल परत वापरू नये. तसेच ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

आता आमच्या घरी एक नियम झाला आहे. ब्रेकला हात लावला की इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरायचे, मग सपाट वावरात चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन थांबवून पाहायची, आणि मगच दुधाचे कॅन चढवायचे. अण्णा चौथीपर्यंतच शिकले. पास्कल कोण हे त्यांना ठाऊक नव्हते, पण पेडल मऊ लागते की घट्ट हे त्यांच्या पायाला कळते. मला नियम पाठ होता, पण अंगणात तो आठवला नाही. पुस्तकातली विद्या आणि हाताची विद्या आपल्या घरांत अशा वेगवेगळ्या राहिल्या, तर उतारावर दोन्ही कामाला येत नाहीत. हे मला वर्गात नव्हे, त्या ओढ्याच्या बांधावर कळले.