सात शनिवारांचं सांत्वन

(लेखमाला : पोथी आणि पंचांग, भाग 9)

तोरा हा ग्रंथ ज्यू लोक दर शनिवारी थोडा थोडा वाचत वर्षभरात पुरा करतात, हे मागच्या भागात आलंच. त्याला जोडून संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला एक उतारा वाचतात, तो हफ्तारा. एरवी तो त्या आठवड्याच्या तोराशी जुळणारा असतो. आपला श्रावण येतो त्या सुमारास मात्र तो पंचांगाच्या तालावर चालतो.

जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं : इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनी सैन्यानं पाडलं, इ.स. 70 मध्ये रोमनांनी. दोन्ही वेळा आव महिन्याची नवमी होती, असं परंपरा मानते. त्या दिवशी कडक उपास. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. मांस वर्ज्य, म्हणून वालाचं बिरडं. शोकाच्या दिवसालाही सण म्हणायचं आणि नाव द्यायचं भाजीचं, हे मराठी घरातच व्हावं!

नवमीआधीचे तीन शनिवार कानउघाडणीचे : दोन यिर्मयाचे, एक यशयाचा. नंतरचे सात सांत्वनाचे, सगळे यशयाचे. रागवायला तीन आठवडे पुरले, समजूत काढायला सात लागतात.

त्यातही उताऱ्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला 40व्या अध्यायातला, दुसरा 49व्या, तिसरा 54व्या, आणि चौथ्याला एकदम मागे, 51वा. असं का? चौदाव्या शतकात सेव्हिलच्या दावीद अबुदरहम या पंडितानं जुन्या भाष्याच्या आधारे याचा उलगडा केला. उताऱ्यांची पहिली वाक्यं ओळीनं लावा, संवाद तयार होतो. देव संदेष्ट्यांना सांगतो, माझ्या लोकांना धीर द्या. दुसऱ्या शनिवारी सियोन नगरी, म्हणजे जेरुसलेमच, रुसते : देवानं मला टाकलं. तिसऱ्याला संदेष्टे परत जाऊन सांगतात, तिचं समाधान होत नाही. चौथ्याला देव म्हणतो, मग मीच येतो. दुःखाच्या घरी निरोपावर भागत नाही, स्वतः जाऊन बसावं लागतं.

परभणीकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. गंगाखेडची जनाबाई विठोबाला खरीखोटी सुनावते, आणि कथांतला तिचा विठोबा दळू लागायला स्वतः येतो. फरक इतकाच, की जनी एकटी आहे. सियोन म्हणजे लेकरं दुरावलेली आई, आख्खं उद्ध्वस्त शहर. म्हणून तिला दिलेली आशाही वस्तीची आहे. पाचव्या शनिवारी वांझ म्हणून हिणवलेलीला सांगतात, तंबू रुंद कर, माणसं वाढणार आहेत. सहाव्याला वेशी रात्रंदिवस उघड्या. सातव्याला कोटावर पहारेकरी बसतात, आणि त्यांचं काम काय, तर शहर पुन्हा उभं राहीपर्यंत देवाला स्वस्थ बसू द्यायचं नाही. जनाबाईला हे पहारेकरी आवडले असते.

यानंतर ज्यूंचं नवं वर्ष लागतं. त्याविषयी पुढच्या भागात.