रूपावरून होणारा निवाडा

माणसाचे अंतरंग जाणून घेण्याआधीच त्याच्या रूपावरून निवाडा देऊन मोकळे होण्याची समाजाची सवय फार जुनी आहे. फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो यांनी १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या 'नोत्र-दाम द पारी' या कादंबरीत ह्या सवयीचे भेदक चित्रण आहे. कथा घडते १४८२ सालच्या पॅरिसमध्ये.

नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये टाकून दिलेले एक विद्रूप बालक लोकांना आढळते. तो दिवस असतो ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारचा. त्या दिवशीच्या लॅटिन मिस्साच्या आरंभीच्या शब्दांवरून मुलाला 'क्वासिमोदो' हे नाव मिळते. ते शब्द नवजात बालकांविषयीचे आहेत. जमलेल्या भाविकांना मात्र त्या बालकात सैतानाचे पोर दिसते!

मोठेपणी क्वासिमोदो कॅथेड्रलच्या घंटा वाजवतो आणि त्यांच्याच नादाने बहिरा होतो. पुढे त्याच्यावर खटला चालतो, तेव्हा न्यायाधीशही बहिराच असतो. आरोपीला प्रश्न ऐकू येत नाहीत, आरोपी गप्प आहे हे न्यायाधीशाला कळत नाही. तरीही शिक्षा होते. भर चौकात फटके खाऊन तो पाणी मागतो, तेव्हा जमाव त्याची टिंगल करतो. पाणी देते ती एझमेराल्दा. तिलाच पळवून नेण्याचा प्रयत्न त्याने धन्याच्या सांगण्यावरून केलेला असतो.

एझमेराल्दा ही जिप्सी नर्तिका म्हणून ओळखली जाते. त्याच चौकालगत स्वतःला कोंडून घेतलेली एक शोकाकुल स्त्री रोज तिला शिव्याशाप देते, कारण तिची तान्ही मुलगी जिप्सींनी पळवलेली असते. एझमेराल्दा हीच आपली मुलगी, हे तिला कळते ते मुलीला फाशी जाण्याच्या काही क्षण आधी. वेषाने आईलाही आंधळे केले होते.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. जिप्सी मुले पळवतात, हा युरोपातील जुना पूर्वग्रह ह्यूगो यांनी कथानकात तसाच वापरला आहे. जिप्सी म्हणून हिणवल्या गेलेल्या रोमा लोकांचे पूर्वज आपल्याच भारतातून तिकडे गेले होते. पूर्वग्रहावर प्रहार करणारी लेखणीही त्यातून पूर्णपणे सुटत नाही, हेच यातून दिसते.

ह्या कादंबरीत देखणा कॅप्टन फीबस उथळ निघतो. विद्वान आर्चडीकन क्लोद फ्रोलो हाच निष्पाप मुलीच्या नाशाला कारणीभूत ठरतो. धर्मगुरू ह्या नात्याने आम्हाला हे बोचते, आणि ते बोचायलाच हवे. झगा पाहून साधुत्व गृहीत धरणे हाही रूपावरूनच दिलेला निवाडा होय.

संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाचे आसन आणि मळक्या वस्त्रांतील गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या भाविकांची कानउघाडणी केली आहे. रविवारी एखादा अनोळखी, वेगळ्या वेषातला माणूस आपल्या बाकाशी येतो, तेव्हा आपण सरकून त्याला जागा देतो की नजर फिरवतो? ह्या प्रश्नाचे उत्तर आपण प्रत्येकाने स्वतःशीच द्यावयाचे आहे.