पे अँड पार्क... पैशांचं!

स्टेशनबाहेर बाइक लावताना आपण शेड बघतो, पावती जपून ठेवतो. मग फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे तीन लाख लिक्विड फंडात 'पार्क' करताना ते नेमके कुठे उभे राहतात, हे बघायला नको?

सकाळची घाई. बदलापूर स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कमध्ये बाइक लावायची, पावती पाकिटात कोंबायची आणि पूल चढून लोकल पकडायची. रोजचंच. पण कितीही उशीर झाला तरी एक गोष्ट तुम्ही विसरत नाही. पावसाळा असेल तर शेडखालची जागा शोधता आणि बाइक खड्ड्यात नाही ना, हे वाकून बघता. का? तर संध्याकाळी परत येऊ तेव्हा बाइक सकाळी होती तशीच मिळायला हवी.

आता दुसरं पार्किंग बघा. अंबरनाथ नाहीतर बदलापूरला नव्या टॉवरमध्ये वन बीएचके बुक करायचाय. बँक काही सगळी रक्कम कर्जाऊ देत नाही. स्वतःचा वाटा भरावा लागतो, वर स्टँप ड्युटी आहेच. त्यासाठी तीन लाख जमलेत आणि रजिस्ट्रेशनला अजून सहा महिने आहेत. सेव्हिंग खात्यात ठेवले तर व्याज नावालाच. शेअर बाजारात टाकायची हिंमत नाही. मग लोकलच्या ग्रुपमधलं कुणीतरी सांगतं, "अरे, लिक्विड फंडात टाक ना! एकदम सेफ." आपण मोबाइल काढतो, दोन-चार ठिकाणी टिचकी मारतो, आणि झालं!

इथे शेड कुणी बघितली?

यादीत असतं काय?

लिक्विड फंड म्हणजे तिजोरी नव्हे. तुमचे तीन लाख आणि इतरांचे कोट्यवधी रुपये एकत्र करून फंड ते थोड्या दिवसांसाठी कुणाला तरी उसने देतो. ज्यांना दिले, त्यांची यादी म्हणजे पोर्टफोलिओ. सेबीच्या नियमानुसार डेट फंडांना ही यादी दर पंधरवड्याला वेबसाइटवर टाकावी लागते. एक्सेल शीटच असते, आणि एक्सेल तर आपण ऑफिसात दिवसभर बघतो!

शीट उघडली की साधारण चार प्रकारची नावं दिसतात.

पहिलं, ट्रेझरी बिल, म्हणजेच टी-बिल. हे केंद्र सरकारचं थोड्या मुदतीचं कर्ज. मुदत ९१, १८२ किंवा ३६४ दिवस. भारतात पहिलं टी-बिल १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात निघालं. आता रिझर्व्ह बँक साधारणपणे दर बुधवारी त्यांचा लिलाव करते. यावर वेगळं व्याज मिळत नाही, बिलच स्वस्तात मिळतं. समजा, १०० रुपयांचं ९१ दिवसांचं बिल फंडाने ९८ रुपये ५० पैशांना घेतलं. मुदत संपली की सरकार १०० रुपये देतं. मधला दीड रुपया ही फंडाची कमाई, वर्षाच्या हिशेबात सुमारे ६.१ टक्के. यादीतल्या रेटिंगच्या कॉलममध्ये या बिलापुढे ट्रिपल ए वगैरे काही नसतं. तिथे 'सॉव्हरिन' लिहिलेलं असतं, म्हणजे देणेकरी खुद्द देशाचं सरकार.

दुसरं, ट्रेप्स. नाव अवघड, पण काम सोपं. बँका किंवा इतर संस्था साधारण एका रात्रीपुरते पैसे घेतात आणि बदल्यात सरकारी रोखे तारण ठेवतात. दुसऱ्या दिवशी पैसे व्याजासकट परत, रोखे मोकळे. थोडक्यात सोनं ठेवून पैसे घ्यावेत तसं, फक्त सोन्याच्या जागी सरकारी कागद. या व्यवहारांची हमी घेणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सीसीआयएल, दादर पश्चिमेला एस. के. बोले रोडवर आहे. ट्रेन बदलायला तुम्ही दादरला उतरता ना? तिथून जवळच हजारो कोटींचं हे रात्रीचं पार्किंग चालतं. ओव्हरनाइट फंडांचा बहुतेक पैसा याच ट्रेप्समध्ये असतो.

तिसरं, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, अर्थात सीडी. बँकेने फंडांसारख्या बड्या मंडळींकडून थोड्या मुदतीसाठी घेतलेली ठेव.

आणि चौथं, कमर्शियल पेपर, म्हणजे सीपी. इथेच जरा थांबायचंय.

उल्हासनगरची भिशी, कंपन्यांची हुंडी

सीपी म्हणजे कंपनीने लिहून दिलेली चिठ्ठी : 'इतक्या दिवसांनी इतके रुपये देऊ.' मागे तारण काही नाही. कंपनीची पत हेच तारण.

उल्हासनगरच्या कुठल्याही जुन्या व्यापाऱ्याला हे सांगा, तो म्हणेल, ही तर हुंडी! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधमधल्या शिकारपूरच्या सराफांचा हुंडीचा धंदा त्याआधीपासून नावाजलेला होता. मुंबईच्या बाजारात त्यांना मुलतानी म्हणत. ९० दिवसांच्या हुंडीवर ते व्यापाऱ्यांना पैसे द्यायचे. नव्वद दिवसांची हुंडी, एक्क्याण्णव दिवसांचं बिल... मुदतीचा फंडा तोच! पण हुंडी घेताना सराफ आधी एकच गोष्ट बघायचा : खाली सही कुणाची आहे?

आपल्या आईची भिशीसुद्धा याच तत्त्वावर चालते. भिशीत शिरायच्या आधी ती दर महिन्याचा आकडा नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, "कोण कोण आहे?" आपण मात्र फंड निवडताना एका वर्षाचा परतावा बघतो आणि 'कोण कोण आहे' हे विचारतच नाही.

कागदवाल्या कंपनीचा कागद

न विचारल्याने काय होतं? दोन किस्से.

चंद्रपूर जिल्ह्यातलं बल्लारपूर कागद गिरणीसाठी प्रसिद्ध. बल्लारपूर इंडस्ट्रीज, म्हणजेच बिल्टचा कागद तुमच्या ऑफिसच्या कॉपियरमध्येही कधी ना कधी गेला असेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये या कंपनीच्या कर्जाचं रेटिंग धाडकन खाली आलं. टॉरस म्युच्युअल फंडाच्या लिक्विड फंडाकडे तिचा सीपी होता. एका दिवसात त्या फंडाची एनएव्ही सुमारे ७ टक्क्यांनी पडली. लिक्विड फंडाची! वर्षभराची कमाई आणि वर मुद्दलाचा तुकडा एका दिवसात गेला.

दुसरा किस्सा सप्टेंबर २०१८ चा. आयएल अँड एफएस हे मोठं नाव. भागधारकांत एलआयसी आणि स्टेट बँक. कर्ज थकायच्या थोडंच आधीपर्यंत रेटिंग उत्तम. तिच्या समूहाचे सीपी थकले आणि ते बाळगणाऱ्या अनेक फंडांच्या एनएव्हीला खड्डा पडला. त्यांत लिक्विड फंडही होते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा तिचे सीपी बाळगणाऱ्या अमेरिकेतल्या रिझर्व्ह प्रायमरी फंडाचं एक डॉलरचं युनिट ९७ सेंटवर आलं. लोकांनी पैसे काढायला अशी झुंबड केली की फंडच गुंडाळावा लागला. त्याची धग महिन्याभरात मुंबईपर्यंत पोचली. इथल्या फंडांना रोकड मिळावी म्हणून ऑक्टोबर २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेला २० हजार कोटींची खास सोय करावी लागली. पुढे अमेरिकेने नियमच केला : 'गव्हर्नमेंट मनी मार्केट फंड' म्हणवून घ्यायचं तर ९९.५ टक्के पैसा रोकड, सरकारी रोखे आणि त्यांच्या तारणावरचे व्यवहार यांतच हवा.

आपल्याकडे अशा नावाचा वेगळा वर्ग नाही. 'मनी मार्केट फंड' आहे, पण तो वर्षभरापर्यंतचे कागद घेतो आणि त्यात सीडी-सीपी भरपूर असू शकतात. आयएल अँड एफएसनंतर सेबीने लिक्विड फंडांचे नियम मात्र कडक केले. एप्रिल २०२० पासून किमान २० टक्के पैसा रोकड, सरकारी रोखे, टी-बिल आणि सरकारी रोख्यांवरचा रेपो यांत ठेवावाच लागतो. उरलेल्या ८० टक्क्यांत काय असेल, ते फंडागणिक बदलतं. काही फंड जवळजवळ सगळंच टी-बिल आणि ट्रेप्समध्ये ठेवतात, तर काही सीडी-सीपीवर भर देतात. नाव दोघांचंही 'लिक्विड'च. शेड कुणाला आहे, हे यादीच सांगते.

सरकारी, की सरकारी कंपनीचा?

यादी वाचताना अजून एका जागी गफलत होते. एखाद्या सरकारी कंपनीचा सीपी दिसला की आपण म्हणतो, "चला, गव्हर्नमेंटचाच आहे." हा फरक अंबरनाथकरांना वेगळा समजावून सांगायला नको. तिथे 'फॅक्टरी' म्हटलं की ऑर्डनन्स फॅक्टरी. कुणाचे बाबा तिथे, कुणाचे काका. थेट सरकारी खातं. १ ऑक्टोबर २०२१ ला देशभरातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या सात कंपन्यांमध्ये वाटल्या गेल्या. अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. मालक आजही सरकारच. पण खातं वेगळं आणि कंपनी वेगळी!

कागदांचंही तसंच. टी-बिलावर सरकारची सही असते, सरकारी कंपनीच्या सीपीवर त्या कंपनीची. बहुतेकदा असे सीपी भक्कमच असतात. तरीही रेटिंगच्या कॉलममध्ये त्यांच्यापुढे 'सॉव्हरिन' येत नाही. ते 'ए-वन-प्लस' असतं.

साडेसातशे रुपयांची झोप

"पण मग रिटर्न कमी मिळतो ना?" मिळतो. फुकट काहीच नसतं, बॉस.

हिशेब करू. समजा, टी-बिलवाल्या फंडात वर्षाला अर्धा टक्का कमी मिळाला. तीन लाखांवर सहा महिन्यांत फरक ७५० रुपये. विकेंडला दोघांनी मल्टिप्लेक्सला जाऊन पॉपकॉर्न घेतलं तर संपले! आणि २०१७ सारखा ७ टक्क्यांचा खड्डा तुमच्या वाट्याला आला तर? २१ हजार रुपये. तेही नेमके बिल्डरचा फोन येईल त्या आठवड्यात. तेव्हा २१ हजार कुठून आणणार?

असे खड्डे रोज पडत नाहीत, बहुतेक लिक्विड फंड वर्षानुवर्षं शांतपणे चालतात. पण हा पैसा वाढवायचा नाहीये, ठरलेल्या दिवशी पुरता मिळवायचाय. बदलापूरकरांना तर हे पक्कं माहीत आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घरांत शिरलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा आठवड्यात कपाट, फ्रिज, गाडी, सगळ्याचा खर्च एकदम येतो. अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा स्वतःच अडचणीत असून कसं चालेल?

पण गिल्ट म्हणजे लिक्विड नव्हे!

हे वाचून कुणी थेट गिल्ट फंडात पैसे टाकेल. थांबा! गिल्ट फंडात कागद सरकारीच असतात, पण दहा-वीस-तीस वर्षांच्या मुदतीचेही. सरकार पैसे बुडवणार नाही हे खरं, पण बाजारातले व्याजदर वाढले की या जुन्या रोख्यांचे भाव पडतात आणि एनएव्हीही पडते. ९१ दिवसांच्या बिलाला हा धक्का जेमतेम जाणवतो. म्हणून सहा महिन्यांच्या पैशासाठी दोन प्रश्न एकत्र विचारायचे : सही कुणाची, आणि मुदत किती?

आणि हो, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, म्हणून साधी एफडीही वाईट नाही. फंडाला असा विमा नसतो. त्याच्याकडे दाखवायला असते ती फक्त यादी. मग ती वाचलेली बरी, नाही का? बदलापूर ते सीएसएमटी प्रवासात तेवढा वेळ नक्की मिळतो. विंडो सीट मिळाली नाही तरी!

यादी वाचताना

• फंड हाउसच्या वेबसाइटवर पोर्टफोलिओची ताजी एक्सेल शीट शोधा. एकच नको, मागच्या तीन-चार बघा. महिनाअखेरीला चकाचक आणि मध्येच वेगळं, असं तर नाही?

• 'सॉव्हरिन' आणि 'ट्रेप्स' यांच्या टक्क्यांची बेरीज करा. जितकी जास्त, तितकी शेड पक्की.

• सीपीच्या नावांत एकाच उद्योगसमूहाची नावं वारंवार येतात का, ते बघा.

• 'कॉर्पोरेट डेट मार्केट डेव्हलपमेंट फंड' अशी छोटी नोंद दिसली तर दचकू नका. बाजारात घबराट झाली तर मदत मिळावी म्हणून २०२३ मध्ये हा फंड निघाला. लिक्विड फंडांनाही त्यात छोटा वाटा टाकावा लागतो.

• सात दिवसांच्या आत पैसे काढले तर लिक्विड फंडात किरकोळ एक्झिट लोड लागतो. दोन-चार दिवसांचंच पार्किंग असेल तर ओव्हरनाइट फंड बघा.

• काही फंडांत लगेच पैसे मिळायची सोय असते : दिवसाला ५० हजार किंवा गुंतवणुकीच्या ९० टक्के, यांतली जी रक्कम कमी असेल ती. एरवी पैसे साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. बिल्डरला तारीख देताना मधला शनिवार-रविवार धरा!

• एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा फंडांच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो. एफडीशी तुलना करताना हे विसरू नका.