मेंदूवर उपचार, मांडीकडे दुर्लक्ष

पक्षाघाताचा झटका येऊन गेला की घरच्यांचं सगळं लक्ष मेंदूकडे लागतं, आणि ते रास्तच आहे. पण धोका टळल्यावर ‘हे पुन्हा चालतील ना?’ असा प्रश्न येतो, तेव्हा त्याच्या उत्तराचा बराच भाग मांडीत असतो. मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा एक मोठा स्नायू आहे. डॉक्टर त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. चालताना टाच टेकते, गुडघा किंचित वाकतो आणि अंगाचा सगळा भार त्या पायावर येतो. तेव्हा गुडघ्याला आवरून धरतो तो हाच स्नायू. तो दुबळा झाला की गुडघा दगा देतो, किंवा पडण्याच्या भीतीने माणूस गुडघा मागे ताणून ताठ ठेवतो आणि पाय ओढत चालतो. मांडीची निगा ही उपचारानंतरची पुरवणी नव्हे, ती उपचाराचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

पक्षाघाताने अशक्त झालेला पाय बारीक होतो हे सगळ्यांना दिसतं. आत काय होतं ते दिसत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संशोधकांनी जुना पक्षाघात असलेल्या 60 रुग्णांच्या मांड्यांचे सीटी स्कॅन काढले आणि निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध केले. बाधित मांडीतला स्नायू दुसऱ्या मांडीपेक्षा सुमारे 20 टक्के कमी होता आणि स्नायूच्या आत साचलेली चरबी 25 टक्के जास्त. म्हणूनच मांडीला टेप लावून घेर मोजला तर फसगत होऊ शकते. सोनोग्राफीत मात्र फरक कळतो. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो. चरबी आणि चिवट तंतू वाढले की तोच पांढुरका दिसू लागतो. आणि ज्याला आपण ‘चांगला पाय’ म्हणतो, तोही सुटत नाही. दोन महिन्यांनंतरही ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या दोन्ही पायांचं मांस झडल्याचं आढळलं आहे. खाटेला खिळणं दोन्ही पायांना भोवतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बिघाड मेंदूत आहे. स्नायू खराब झाला म्हणून चालणं गेलं, की चालणं गेलं म्हणून स्नायू खराब झाला? सुरुवात मेंदूतूनच होते, यात वाद नाही. मात्र एकदा झडलेला स्नायू स्वतःच अडथळा बनतो. कोपनहेगनमध्ये 804 रुग्णांचा अभ्यास झाला, तो 1995 मध्ये छापून आला. त्यात 95 टक्के रुग्णांनी चालण्यातली आपली सर्वोत्तम पातळी पहिल्या अकरा आठवड्यांतच गाठली होती. मेंदू चालणं नव्याने शिकत असतो त्याच दिवसांत मांडी झडत असेल, तर मेंदूचा हुकूम पोहोचूनही तो पाळायला ताकद उरत नाही. अर्थात मांडी म्हणजे सगळं चालणं नव्हे. पोटरी, खुबा, लोंबणारं पाऊल, तोल, यांचाही वाटा आहेच.

‘व्यायामाने पाय आणखी आखडेल’ ही दुसरी भीती. बोबाथ दांपत्याच्या उपचारपद्धतीच्या प्रभावामुळे अनेक फिजिओथेरपिस्टही एकेकाळी जोर लावून करायच्या व्यायामाला बिचकत. पण अशा व्यायामाच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घेतला, तेव्हा ताकद वाढल्याचं दिसलं, आखडलेपण वाढल्याचं नाही. घाई मात्र नको. 2104 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत पहिल्या 24 तासांतच उठवून वारंवार, जास्त वेळ हालचाल करायला लावलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीशी वाईटच ठरली. हा इशारा पहिल्या दिवसापुरता आहे. ‘अशक्तपणा आहे, पडून राहू दे’ म्हणत आठवडे घालवायला त्याचा आधार नाही. आपल्या घरांतून मायेने तेल लावून मालिश होते. तिने बरं वाटतं, पण स्नायू कमावला जातो तो रुग्णाने स्वतः जोर लावल्यावरच.

हा जोर साध्या खुर्चीवरून उठण्यातही मिळतो. खुर्चीच्या कडेशी सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, बाधित पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मागे, म्हणजे भार त्याच्यावर येतोच. मग पुढे झुकून उठायचं आणि बसताना धपकन न बसता सावकाश खाली यायचं. त्या सावकाश खाली येण्यात मांडीचा खरा कस लागतो. सोबत कुणीतरी उभं हवं. नुसती ताकद वाढून चाल आपोआप सुधारत नाही, म्हणून उठण्याबसण्याच्या जोडीला प्रत्यक्ष चालण्याचा सरावही हवाच.

मग हे सगळं घरच्यांवर सोपवून भागेल का? भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत नातेवाइकांना शिकवून घरीच पुनर्वसन करून पाहिलं गेलं. 2017 मध्ये निकाल आले तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यातून जास्त लाभ दिसला नाही. घरच्यांची माया कमी पडली असा त्याचा अर्थ मी काढणार नाही. व्यायाम कधी वाढवायचा, कधी थांबवायचा, गुडघा मागे ताणला जातोय का, हे पारखायला शिकलेली नजर लागते. म्हणून रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांच्या यादीइतक्याच ठळकपणे तीन गोष्टी कागदावर हव्यात: दोन्ही मांड्यांची ताकद, चालण्याचा वेग आणि फिजिओथेरपिस्टच्या पुढच्या भेटीची तारीख. वेग मोजायला दहा मीटर मोकळी जागा आणि घड्याळ पुरतं. सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी वेग असलेला माणूस सहसा घरातल्या घरातच वावरतो, 0.8 च्या पुढे गेला, तर बाजारहाट करण्याइतपत बाहेर पडू शकतो.